खाली दुकान, वर दवाखाना

परळीत माझा बाळंतपणाचा दवाखाना भाड्याच्या माडीवर होता. जिना अरुंद. कळा सुरू झालेल्या बाईला दोघांनी धरून वर आणावं लागे. एकदा एक जण मधल्या पायरीवरच बाळंत झाली. मूल मी तिथंच झेललं, आणि ठरवलं, आता स्वतःची जागा घ्यायची. दवाखाना तळमजल्यावर.

स्टेशनच्या रस्त्याला एका निवृत्त मास्तरांचा प्लॉट मिळाला. इसार दिला. त्या वर्षांत बँका डॉक्टरांना इमारतीसाठी कर्ज देऊ लागल्या होत्या, पण त्यांना सासऱ्यांचा जामीन हवा होता. त्यांचं कापडाचं दुकान बाजारात जुनं, नावाजलेलं. यजमानही तिथंच बसत.

इसाराची मुदत संपायच्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. मास्तर बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. मॅनेजरांनी कागद पुढं सरकवला. सासऱ्यांनी पेन उघडलं आणि म्हणाले, "खाली आपलं दुकान, वर दवाखाना. तसा नकाशा करा. मग सही."

"मामा, अवघडलेल्या बाईनं जिना कसा चढायचा?"

"आजवर चढल्याच की. आता तयार कपड्यांचे दिवस आलेत. रस्त्यावरची जागा दवाखान्याला कावून लागती?"

"मग सही नको," मी म्हणाले.

सासऱ्यांनी पेन मिटून खिशाला लावलं. वडिलांपुढं कधी मान वर न केलेले माझे यजमान टेबलाकडं बघत म्हणाले, "साहेब, अंबाजोगाईचं घर आजोबांनी माझ्या नावावर केलंय. ते तारण चालंल का?"

"कागद आणा. वकिलाला दाखवू."

सासरे उठले. "उद्यापासून दुकानात यायचं कारण न्हाई," एवढंच म्हणून निघून गेले.

आम्ही मास्तरांकडं गेलो. त्यांनी आमची तोंडं पाहिली. "परवापर्यंत थांबतो. त्यापुढं मला जमणार न्हाई."

यजमान तसेच एसटी धरून अंबाजोगाईला गेले आणि दुसऱ्या दिवशी घराचे कागद घेऊन परतले. कर्ज मंजूर झालं, खरेदीखत झालं, वर्षभरात इमारत उभी राहिली. वास्तुशांतीला सासरे आले, मांडवात जेवले आणि आत न येताच परतले.

यजमानांनी इचलकरंजीच्या कापडाची एजन्सी घेतली. महिन्यातले निम्मे दिवस ते फिरतीवर असत. परळीत असले की बाजारात जाताना वडिलांच्या दुकानावरून न जाता मागच्या गल्लीनं जात. मी कधी विचारलं नाही.