आमच्या दारातला हत्ती

गावाचं नाव सांगत नाही. बेळगाव आणि निपाणीच्या मधलं एक जुनं शहर, एवढं पुरे. नाव सांगितलं की दोन्ही बाजूंचे लोक अंगावर येतात, आणि मला तसाही कुणाचा भरवसा वाटत नाही.

आमची गल्ली हत्ती गल्ली. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगायचे की आमचा खापरपणजा माहूत होता आणि सरकारी हत्ती आमच्याच दारात बांधलेला असायचा. पुरावा म्हणून देवघराच्या खुंटीला लाकडी मुठीची एक लोखंडी आकडी टांगलेली. हा म्हणे अंकुश. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आप्पा स्वतः निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, पण गल्लीतले लोक त्यांना 'माहूत' म्हणत, आणि ते ऐकलं की त्यांची मान ताठ व्हायची.

मला त्या हत्तीचा लहानपणापासून संशय. गल्ली इतकी अरुंद, की समोरून म्हैस आली तर आपण कुणाच्या तरी कट्ट्यावर चढायचं. मग हत्ती वळायचा कुठं? विचारलं की आप्पा म्हणत, "तवा गल्ली रुंद हुती गं."

मागच्या वर्षी पाटी बदलली. जुन्या गंजक्या पाटीवर मराठीत आणि कन्नडात 'हत्ती गल्ली' असंच होतं. नव्या पाटीवर नुसतं कन्नड, 'आने बीदी'. कन्नडात आने म्हणजे हत्ती आणि बीदी म्हणजे रस्ता. कुणीतरी खुर्चीत बसून आमच्या हत्तीचं भाषांतर केलं होतं. गल्लीतल्या टवाळांना आयतंच मिळालं. "आप्पा, हत्तीचं चार आणे झालं की!" आप्पा हसले नाहीत. जेवणावरून त्यांचं मन उडालं. पाटी गेली म्हणजे त्यांचं माहूतपणच गेलं होतं, आणि या वयात त्यांना ते सोसत नव्हतं.

"ह्ये समोरच्याचं काम हाय," ते म्हणाले.

समोर अण्णा राहतात. घरात कन्नड बोलणारे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या आजोबांची पूर्वी गल्लीच्या तोंडाला पेढी होती. आप्पांना एकट्या अण्णांचा संशय, मला तर सगळ्या जगाचा. मी खिडकीतून पाळत ठेवायला लागले. अण्णा पाटीखाली उभे राहून फोटो काढायचे, फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलायचे. एकदा माझी नजर पडली तर फोन झटकन खिशात. म्हटलं, सापडला.

खंडेनवमीच्या सकाळी हेच अण्णा सरळ आमच्या घरात आले. "आप्पा, चला माझ्यासंगट. ती पाटी काढायला लावू या. आपली गल्ली पहिल्यापास्नं हत्तीच हाय. ह्यो आने मधीच कुठनं आला?"

मी चहाचा कप घेऊन जागच्या जागी उभी. कन्नड माणसाला आने नको आणि हत्ती पाहिजे? मग एकदम डोक्यात उजेड पडला. कन्नडात हत्ती म्हणजे कापूस! दोन्ही शब्द मला येत होते. पण बाजारातला हत्ती कन्नड आणि गल्लीतला मराठी, त्यांची कधी गाठच पडली नव्हती. अण्णांच्या आजोबांची पेढी कापसाची होती.

तेवढ्यात अण्णांची नजर पूजेतल्या आकडीवर गेली. "ही तर आमच्या आजोबांच्या..." म्हणून ते थांबले.

पुढचं मला न सांगता कळलं. कापसाच्या गठ्ठ्यात रुतवून तो ओढायची हमालाची आकडी होती ती. खापरपणजा माहूत नव्हता, समोरच्यांच्या पेढीवर हमाल होता. माझा संशय खरा ठरला होता, आणि मला तो अजिबात नको होता. आप्पा अण्णांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. हा माणूस आता बोलणार, असं वाटून मी घाईघाईनं चहाचा कप अण्णांपुढं केला.

"आजोबांच्या काय?" आप्पांनी विचारलं.

"आजोबांच्या तोंडनं हिच्याबद्दल ऐकल्यालं हाय," अण्णा म्हणाले. "हत्तीचीच हाय ही."

त्यात खोटं काहीच नव्हतं. कन्नडात तर नव्हतंच.

दोघं जोडीनं गेले, नगरपालिकेच्या ऑफिसात भांडून आले, पुन्हा गेले. शेवटी जुनं नाव परत आलं, मराठीत आणि कन्नडात. आप्पा पोटभर जेवायला लागले.

दिवाळीच्या तोंडावर उशा भरायला कापूस हवा होता, म्हणून मी आप्पांना घेऊन बाजारात गेले. दुकानदार कन्नड. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "एरडु किलो हत्ती कोड्री." दोन किलो कापूस द्या. अगदी सहज, जन्मभर म्हणत आल्यासारखं.

मी बघतच राहिले. "आप्पा, तुम्हांस्नी ठावं हुतं?"

त्यांनी पिशवी काखेत मारली आणि चालायला लागले. बाजार मागं पडल्यावर म्हणाले, "शाळंत पोरी तुला हमालाची, हमालाची म्हनून चिडवायच्या. रडत घरी आलतीस. त्या दिशी बांधला हत्ती दारात."

  गल्लीच्या तोंडाशी, पाटीखाली येऊन ते थांबले आणि अण्णांच्या घराकडे बघत हळूच म्हणाले, "अण्णाला सांगू नगंस गं. त्येला वाटतंय, मला ठावं न्हाय."