पहाटेची शाळा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझी ताई चढली, कारण तिच्या पोरीला शाळेची पायरी चढवत नव्हती.

भाचीला आम्ही टकळी म्हणायचो. बोलताना अडखळायची, पण तोंडाला खंड म्हणून नसायचा. शाळेतल्या बाईंनी त्या अडखळण्याची नक्कल केली, वर्ग खदखदून हसला, आणि नीट बोलेपर्यंत म्हणून तिला सामानाच्या खोलीत कोंडलं. तेव्हापासून परकं माणूस दिसलं की पोरीची दातखीळ बसते. मग ताईनं तिला घरीच शिकवायला घेतलं. शिक्षण खात्याच्या मते ती घरी बसवली होती. हा फरक त्यांच्या डोक्यात काही शिरला नाही, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आमची पावाची भट्टी आहे. भावजी गेल्यापासून ताई पीठ मळते, मी सायकलवर पाव पोचवतो. आमचा दिवस लोकांच्या मध्यरात्री सुरू होतो. पीठ फुगायला ठेवलं की मायलेकी त्याच टेबलावर पुस्तक उघडत. भट्टीच्या उबेत पोर न अडखळता वाचायची, गणितं करायची आणि उजाडल्यावर झोपायची. तपासणीचे साहेब मात्र यायचे सकाळी दहाला. दरवेळी पोर गाढ झोपलेली. मूल आळसात लोळतं, असा शेरा ते मारून जायचे.

"साहेब, पहाटे चारला या की," ताई म्हणाली.

"मी काय दूधवाला आहे?" साहेब म्हणाले.

न्यायाधीश बाई मात्र माणसातल्या होत्या. म्हणाल्या, मुलीला आणा, मीच वाचून घेते. ताईचा जीव भांड्यात पडला. पोर ताजीतवानी राहावी म्हणून त्या पहाटे तिला उठवायचं नाही असं ठरलं. पण अंगाची सवय कुठे जाते? आम्ही भट्टीपाशी, आणि ही आतल्या खोलीत आपली आपण उठून पुस्तक घेऊन बसलेली. कोर्टात चुकायला नको म्हणून. आम्हाला पत्ताच नाही.

पुकारा झाला तेव्हा ती माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली होती. ताईनं हलवून उठवलं. डोळे उघडले तर समोर सगळे काळे कोट. न्यायाधीश बाईंनी मायेनं पुस्तक पुढे केलं. टकळीनं ओठ उघडले आणि मिटले.

"वाच बाळा, घरी वाचतेस तसं," ताई म्हणाली. मग तिनं हात जोडले. "बाई, थोडा वेळ द्या. नीट जागी होऊ द्या तिला."

मला तिथेच रडू फुटलं.

बाईंनी थोडं थांबून पाहिलं, पण पोर वाचेना; सोमवारपासून शाळा, आणि तीही तीच, असा हुकूम झाला.

बाहेर व्हरांड्यात आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. आता कुठे पोरीची झोप उडाली होती. समोरची पाटी तिला दिसली. आईची बाही धरून तिनं घडाघडा वाचली, "कामकाज चालू असताना आवाज करू नये." मग पुन्हा वाचली, आणखी मोठ्यानं.

दारावरचा शिपाई धावत आला. "ए पोरी, गप."

"दार उघडा, दादा," ताई म्हणाली. "एकदाच. आत ऐकू जाऊ दे."

"पुढचं प्रकरण सुरू झालंय," म्हणत तो बंद दाराला पाठ लावून उभा राहिला.

टकळीनं त्याच्याकडे पाहिलं. पाटी तिसऱ्यांदा वाचायला घेतली, पण पहिल्याच शब्दाला अडखळली आणि गप्प झाली.