नानांच्या लेखातला चौथा परिच्छेद

आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाईंना मुलं ‘ओळबाई’ म्हणायची. कुणी तावातावानं मत ठोकलं की ती शांतपणे विचारायची, “बरं. कुठल्या ओळीवरून म्हणतोस?” लेखकाचं म्हणणं काय, त्यासाठी पुरावा काय दिलाय आणि तो पुरावा ते म्हणणं पेलतो का, हे पानावर बोट ठेवून दाखवावं लागे. मी तिला चिडवायचे, “तुझी मुलं उद्या डॉक्टरच्या चिठ्ठीलाही पुरावा मागतील.”

“मागू देत की!”

मी भूगोलाची. त्या आठवड्यात माझ्या वर्गाचं रंगकाम चाललं होतं, म्हणून माझी मुलं तिच्याच वर्गात कोंबलेली आणि मी मागच्या बाकावर. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

तिचे वडील, नाना, निवृत्त मुख्याध्यापक. भलतेच करारी. छडीशिवाय विद्या येत नाही, असा त्यांचा लेख वर्तमानपत्रात छापून आला होता आणि शेजारीपाजारी वाहवा झाली होती. ते लेकीला म्हणाले, “वर्गात वाचायला दे. मी येतो ऐकायला.”

“या. पण मुलं बोलायचं ते बोलतील हं, नाना.”

“बोलू देत!”

नाना खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसले. लेखाच्या प्रती वाटल्या गेल्या. मग दोन वेण्यांची एक अबोल मुलगी उभी राहिली.

“बाई, लेखक म्हणतात, छडीच्या धाकानं मुलं शिकतात. पण उदाहरण एकच दिलंय, त्यांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्याचं. चौथ्या परिच्छेदात लिहिलंय, ‘त्याला मी एकदाच मारलं. त्यानंतर तो शाळेत आला नाही. पुढे स्वतःच्या हिमतीवर त्यानं कारखाना काढला.’” तिनं मान वर केली. “मग छडीमुळे तो शिकला कुठे? छडीमुळे तर त्याची शाळा सुटली.”

ओळबाईनं वडिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. “लेखकाच्या बाजूनं कुणाला काही सापडतंय?”

एक मुलगा चाचरत उठला. “‘त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो,’ असं लिहिलंय.”

“हा कशाचा पुरावा?”

तो पानाकडे बघत राहिला. “मायेचा, बाई. छडीचा नाही.”

नाना उठले. त्या मुलीच्या बाकावरचा कागद उचलला, चष्मा चढवला आणि ओठ हलवत तो परिच्छेद वाचला. मग पुन्हा वाचला.

“हे मीच लिहिलंय, पोरी,” ते म्हणाले. “पण वाचलं आज.”

ज्याच्यापुढे उभी शाळा चळाचळा कापायची, तो माणूस वेणीवाल्या पोरीसमोर मान खाली घालून उभा होता, आणि मला तो कधी नव्हे एवढा उंच वाटला.

रविवारी त्यांनी लेकीला बरोबर घेऊन तो विद्यार्थी शोधून काढला. केस पिकलेला तो माणूस हात पुसत बाहेर आला. “सर? तुम्ही?”

नानांनी लेख पुढे केला. वाचून तो हसला. “कारखाना कसला, सर! एक शेड आणि दोन यंत्रं. लिहायच्या आधी मला विचारायचं तरी!”

“तेच विचारायला आलोय,” नाना म्हणाले. “उशीर झाला.”

आतून दोन स्टुलं आणून त्यानं समोरासमोर मांडली. ओळबाई अंगणातच थांबली. आत जायचा धीर झाला नाही, असं ती मला म्हणाली.