दोन्ही बाह्या डाव्या

टेलर मास्तरांचं दुःख एका वाक्याचं होतं आणि ते वाक्य बावीस वर्षांचं झालं होतं.

तेव्हा दोघे भाऊ एकाच दुकानात शिवायचे. एका भर दुपारी चार गिऱ्हाइकांसमोर दादाने मास्तरांनी शिवलेला कोट हँगरसकट उचलून धरला आणि म्हणाला, "याला सगळं येतं, फक्त बाही लावता येत नाही." गिऱ्हाइकं हसली. त्यातल्या एकाला खरं तर ठसका लागला होता, पण मास्तरांनी तोही हसण्यात जमा केला. आठवड्याच्या आत त्यांनी रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, स्वतःचं दुकान थाटलं. भांडायचं तर डोळ्यांसमोर असलेलं बरं.

तेव्हापासून माणसाचा चेहरा बघण्याआधी ते त्याचा मुंढा बघत, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ती जागा. मेहुण्याचे वडील गेले तेव्हा मास्तरांनी त्याला मिठी मारली, पाठीवरून हात फिरवला, आणि त्याच्या कानात म्हणाले, "डावीकडे झोळ आहे." मेहुणा त्यानंतर दोन वर्षं घरी आला नाही. मास्तरांना रात्री झोप लागायची नाही, दिवसा जेवण जायचं नाही, आणि कुणी "कसे आहात?" विचारलं की बावीस वर्षांपूर्वीच्या दुपारपासून सुरुवात व्हायची. लोकांनी विचारणंच सोडून दिलं होतं.

एक दिवस गुरुजी आले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आता वेदान्त शिकवायचे. दोन्ही विषयांत विद्यार्थी सारखेच जांभया द्यायचे, त्यामुळे त्यांना फारसा फरक जाणवला नव्हता. पँट आखूड करायची होती आणि अंगावर होती तीच एक धड होती, म्हणून ते ट्रायलच्या पडद्यामागे उभे राहिले आणि मुंडकं तेवढं बाहेर काढून मास्तरांची कहाणी ऐकू लागले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "अपमान कुणाचा झाला?"

"माझा!"

"हा मी कोण? शरीर म्हणाल तर ते तेव्हाचं राहिलेलं नाही, तेव्हा केस होते. मन म्हणाल तर मनात काय चाललंय ते तुम्हाला दिसतं. जे दिसतं त्याहून बघणारा वेगळाच असणार. त्या बघणाऱ्याला शोधा. त्याला आजवर कुणी काही बोलू शकलेलं नाही. पँट झाली का?"

पँट झाली होती. मास्तरांचंही काहीतरी झालं होतं. त्या दिवसापासून त्यांनी साधनेला वाहूनच घेतलं. सुई टोचली की ओरडायचे आणि लगेच म्हणायचे, "बोटाला टोचली. मला नाही." गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावताना सांगायचे, "हे तुमचं माप नव्हे, तुमच्या देहाचं आहे." एका बाईंना हे इतकं पटलं की देह चार इंचांनी वाढला याचं त्यांना काहीच वाटेनासं झालं. त्या मैत्रिणींना घेऊन येऊ लागल्या.

मास्तरांच्या बायकोला मात्र हे प्रकरण झेपेना.

"जेवायला येताय ना?" तिने विचारलं.

"देह येईल," मास्तर म्हणाले.

"मग देहाला सांगा, ताट घासून ठेव म्हणावं."

ताट मास्तरांनीच घासलं. साक्षीभावाने घासलं, त्यामुळे खरकटं राहिलं, ते तिने पुन्हा घासलं.

असे तीन महिने गेले आणि एका सकाळी रस्ता ओलांडून दादा आला. काखेत निळ्या लोकरी कापडाचा तुकडा होता. एक बाजू मऊ, लवदार, दुसरी साधी. हे कापड त्याने तीस वर्षं स्वतःच्या कोटासाठी जपून ठेवलं होतं, आणि ते विणणारी गिरणीसुद्धा आता उरली नव्हती. त्याने कापड टेबलावर ठेवलं.

"शटर ओढलं मी कायमचं," तो म्हणाला. "सुईत दोरा जात नाही. कोट तू शिव."

एवढं बोलून तो गेला. हा कोट बिघडला तर ते वाक्य खरं ठरणार आणि मरेपर्यंत उशाशी बसणार, हे मास्तरांना स्वच्छ कळलं. म्हणून त्यांनी ठरवलं की कोट आपण शिवायचाच नाही. हात शिवतील. आपण फक्त बघायचं.

हातांनी पाठ कापली, पुढचे भाग कापले. मग कापड एकेरी अंथरून, पुठ्ठ्याचा नमुना ठेवून एक बाही कापली. दुसरीसाठी नमुना उलटा ठेवायचा असतो. हातांनी तो तसाच पुढे सरकवला. साक्षीने हे सगळं उत्तम पाहिलं. पण साक्षी बोलत नाही, हाच त्याचा मोठेपणा, आणि कात्री मात्र बोलत सुटली होती. मास्तर शुद्धीवर आले तेव्हा टेबलावर दोन बाह्या होत्या आणि दोन्ही डाव्या होत्या. एक फिरवून लावावी तर लव आत जाणार. चिंधीभरसुद्धा कापड शिल्लक नव्हतं.

चार दिवस त्यांनी त्या बाह्यांकडे बघण्यात घालवले. पाचव्या दिवशी कच्च्या टाक्यांवर दोन्ही जोडल्या आणि दादाला ट्रायलला बोलावलं. दादाने कोट घातला. डावा हात ठीक होता. उजव्या हाताचा कोपर पाठीमागे कुणाला तरी शोधत होता.

"दादा," मास्तर घसा साफ करून म्हणाले, "हे हातांकडून झालं. मी नुसता बघत होतो."

"बघत होतास आणि थांबवलं नाहीस?"

मास्तर पुढे बोलायला गेले आणि अडकले. कोट बिघडला तर हातांनी बिघडवला, आणि अपमान झाला तर तो मात्र अख्खाच्या अख्खा माझा? सोयीचं तेवढं देहाच्या माथी आणि दुखरं तेवढं घरात? असला वेदान्त तर लबाडसुद्धा करणार नाही! त्यांना हसू फुटलं.

"चुकलं दादा. मीच कापल्या."

दादाचा चेहरा लाल झाला. "बाही लावता येत नाही हे माहीत होतं. आता कापताही येत नाही?"

दुकानाच्या कोपऱ्यात इस्त्री करत असलेली बायको इस्त्री उचलून तशीच उभी राहिली. मास्तरांनी डोळे मिटले. आता कळ येणार. त्यांनी छातीत शोधलं, पोटात शोधलं. वाक्य आलं होतं, अगदी तेच, ओळखीचं, आणि दारावर कुणी नाही म्हटल्यावर पोस्टमन निघून जावा तसं निघून गेलं. बावीस वर्षं ज्याला दुखत होतं तो माणूस आत कुठे सापडेना. सापडलं ते एवढंच की वाक्य बरोबर होतं.

"खरंच येत नव्हती दादा," ते म्हणाले. "त्या कोटाला झोळ होता."

दादा बघतच राहिला. "तुला राग नाही आला?"

"शोधतोय."

दादा स्टुलावर बसला. कोपर अजून मागेच होता. "गाढवा," तो हळूच म्हणाला, "मग मी बावीस वर्षं या दुकानासमोरून जाताना मान खाली का घालत होतो?"

मास्तरांना एवढंच दिसलं की दादा म्हातारा झालाय, आणि तो रोज समोर असून हे आपल्याला आजच दिसतंय. त्यांना रडू आलं. ते कुणाला येतंय हे त्यांनी तपासलं नाही.

मग दोघांनी मिळून बाह्या उसवल्या. बिनबाह्यांचं जाकीट होणार होतं. दादाला टाके दिसत नव्हते, तो नुसता दोरे ओढत होता, आणि गळा कसा चुकलाय, खिसा कसा वर गेलाय, हे तासभर सांगत होता. मास्तर "हो, हो" म्हणत होते. निघताना दादा दारात घुटमळला.

"सकाळी उघडतोस किती वाजता?"

"नऊला. का रे?"

"काही नाही. विचारलं."

दुसऱ्या दिवशी मास्तर आठलाच पोचले, तर दादा पायरीवर बसलेला होता.