जावयाचा सिनेमा आणि कोलाडची दारं

माझ्या मेहुणीचं लग्न एका दारावरून मोडता मोडता राहिलं, आणि ते दार साठ-एक वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा माळरानावर होतं.

यात माझा काय दोष, असं मी आजही विचारतो. पण आमच्या घरात हा प्रश्न मला सोडून दुसऱ्या कुणाला पडतच नाही!

मला अतर्क्य सिनेमांचा नाद आहे. (नाद हा माझा शब्द. बायको 'खूळ' म्हणते.) अतर्क्य म्हणजे कसे, तर माणूस जिना चढून वर जातो आणि वर समुद्र लागतो, किंवा बाई कपाट उघडते आणि आतून घोडा बाहेर येतो. या पंथाचा एक जुना थोर दिग्दर्शक माझं दैवत. त्याचे गाजलेले सिनेमे काय, सगळेच पाहतात. खरा रसिक तो, जो न गाजलेले पाहतो! तर हे न गाजलेले सिनेमे कुणीतरी शोधून, धुऊन-पुसून, डीव्हीडींच्या देखण्या पेटीत घालून परदेशात विकायला काढले. मित्राची वहिनी तिकडून येत होती, तिला मी ती पेटी आणायला लावली. लोणच्याची बरणी तिकडे नेली तिने आणि येताना माझी पेटी आणली. ती हातात पडताच मी पेणच्या आमच्या चित्रपट मंडळात व्याख्यान देण्याचं कबूलही करून टाकलं. विषय 'थोर दिग्दर्शकाचे दुर्लक्षित सिनेमे'. दुर्लक्ष करणाऱ्यांत मीही होतो, कारण त्यातला एकही मी अजून पाहिलेला नव्हता.

घरी येऊन प्लेअरमध्ये डिस्क सारली, तर पडद्यावर पाटी आली, की ही डिस्क तुमच्या प्रदेशासाठी नाही! पेणचा असा अपमान आजवर कुणी केला नसेल. आमचे गणपती साता समुद्रापार जातात, आणि तिकडची एक चकती इकडे चालायला तयार नाही!

"रोह्याला अण्णांकडे जुना प्लेअर आहे," बायको म्हणाली. "त्यात काहीही चालतं."

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचा प्लेअर खरोखरच सर्वभक्षी. ओरखडे पडलेली, पाण्यात भिजलेली, चहाच्या कपाखाली आयुष्य काढलेली डिस्कही तो मुकाट्याने गिळतो. दोष एकच. त्याचं बंद करायचं बटण केव्हाचं आत गेलंय, आणि प्लग आहे गोदरेजच्या कपाटामागे. एकदा सुरू झाला की तो डिस्क संपवूनच थांबतो.

"रविवारी जाऊया," बायको म्हणाली. "तसंही सुजाताला बघायला कोलाडहून माणसं येणारेत."

ही सुजाता म्हणजे माझी मेहुणी. नागोठण्याच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहे. आम्ही रोह्याला पोचलो, तेव्हा तिने मला पडवीत गाठलं.

"भावोजी, हे स्थळ जमायलाच पायजे हां. तुम्ही काय गडबड करू नका."

"मी? मी कशाला करेन?"

"तुम्ही करत नाय, तुमच्याकडून होते," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखरच काळजी होती. आजवर इतकी स्थळं तिने हसत हसत उडवून लावली होती, मग याचंच एवढं काय, हे मला कळेना. पण मी तिला वचन दिलं. हो, वचन!

पाहुणे दुपारनंतर यायचे होते. म्हणून मी जेवण होताच पेटीतली एक डिस्क काढून लावली आणि वही-पेन घेऊन बसलो. पहिल्याच दृश्यात काळा कोट घातलेला एक माणूस डोक्यावर दार घेऊन माळरानातून चालला होता. बस, चालला होता. आगा ना पिछा! मी वहीत लिहिलं, 'दार म्हणजे नाकारलेलं घर?' प्रश्नचिन्ह टाकलं की व्याख्यानात वजन येतं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. कोलाड ते रोहा रस्ता त्या दिवशी चक्क मोकळा मिळाला होता. (रस्त्याकडून अशी चूक एरवी होत नाही.) नितीन, म्हणजे मुलगा, त्याचे वडील दत्तारामकाका आणि त्याची आई, तिघं पायऱ्या चढून आत आले. मी धावत जाऊन प्लेअरशी झटापट करू लागलो.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!" अण्णा म्हणाले. "जावईबापूंनी खास परदेशातून मागवलाय. पाहुण्यांनापण बघू दे."

आता आमच्याकडची रीत अशी, की जावई घरात असला की त्याचा शब्द कुणी मोडायचा नाही. त्याने भर श्रावणात मफलर मागितला तरी तो आणून द्यायचा. तेव्हा जावयाचा सिनेमा मध्येच बंद कोण करणार? आणि यजमानाने लावलेला सिनेमा नको म्हणणार तरी कोण? सगळे सोफ्यावर रांगेत बसले. आत सासूबाईंनी पोह्यांना फोडणी दिली. पडद्यावर माणूस दार घेऊन चालतच होता.

दत्तारामकाका पाहू लागले. आधी मजेने, मग बारीक डोळे करून. मग त्यांनी नितीनच्या आईकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला.

"ह्या माणसाचं घर कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"तेच तर गूढ आहे!" मी उत्साहाने म्हटलं. माझं व्याख्यान सुरू झालं होतं. "घर आहे, पण त्याला दार नाही. दार आहे, ते भलत्याच ठिकाणी!"

दत्तारामकाकांचा चेहरा उतरला.

पुढचं दृश्य आलं. दिवाणखाना. कोट-टाय घातलेली माणसं, उंची झगे घातलेल्या बाया, आणि मध्ये मखमली सोफ्यावर एक बोकड. ऐसपैस! त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. बाया चहा पिताहेत.

नितीनच्या आईने हुंदका द्यावा तसा आवाज काढला. "अवो, ह्यांना बोकडाचंपण कळलंय!"

दत्तारामकाका ताडकन उठले. "बास झालं, अण्णा! चौकशी करायची ती सरळ करायची. अशी टीव्हीवर काढायची नाय!"

अण्णा गडबडले. "काय... काय झालं?"

"आमच्या नवीन घराला दारं बसवायची ऱ्हायलीत. हायत ऱ्हायलेली! सुतार गणपतीच्या मखराच्या कामाला पेणला गेला तो गेलाच. आणि दारं नायत म्हणून बोकड येतोय आत, बसतोय सोफ्यावर. म्हणून काय सिनेमा काढायचा आमच्यावर?"

मला वाटलं, आपण समजावून सांगावं. (हे मला नेहमीच वाटतं.)

"काका, हा सिनेमा फार जुना आहे. साठ वर्षांपूर्वीचा!"

"साठ वर्सांपूर्वी आमचं घर बांधायलापण घेतलं नव्हतं!"

"तेच तर म्हणतोय मी! याचा तुमच्याशी काही संबंध नाही. खरं तर याला काही अर्थच नाही!"

"अर्थ नाय तर आम्हाला दाखवलात कशाला?"

याचं उत्तर जगातल्या कुठल्याही समीक्षकाकडे नसावं.

"जावईबापू, तुम्ही पेणचे," दत्तारामकाका माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "सुतारपण पेणला. त्यानंच सांगितलं ना तुम्हाला?"

"मी कुठल्या सुताराला ओळखत नाही!"

"मंग बोकड कसा कळला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे एवढ्या संशयाने कधी पाहिलं नव्हतं. मी खरंच कोलाडला जाऊन चोरून बोकड पाहून आलोय की काय, अशी क्षणभर माझी मलाच शंका आली! शेवटचा उपाय म्हणून मी कपाट ओढून प्लग काढायला गेलो. कपाट वीतभर सरकलं आणि वरचा लाडवांचा डबा माझ्या खांद्यावर आदळला. पडद्यावर बोकडाने टाय खायला घेतला.

"चला, उठा!" दत्तारामकाकांनी नितीनला हुकूम सोडला. नितीन उठला नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

तिथे सुजाता उभी होती, हातात पोह्यांचा ट्रे.

"काका, भावोजींना कायपण माहीत नाय. त्यांना कधीच काय माहीत नसतं." (माझी बाजू अशीही घेतली जाते.) "दारं नायत ते मला माहीत हाय. बोकड सोफ्यावर बसतो तेपण माहीत हाय. त्याचं नाव राजा हाय आणि तो उशी खातो. आणि मला चालतंय सगळं."

"तुला कोणी सांगितलं?"

"नितीननं."

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"नितीनला तू कुठं भेटलीस?" अण्णांनी विचारलं.

"कंपनीत. कॅन्टीनला," नितीन जमिनीकडे बघत म्हणाला. "दीड वर्स झालं."

म्हणजे ही सगळी पोह्यांची मांडामांड पोरांनीच रचली होती! त्या दोघांचं केव्हाच ठरलेलं. स्थळ सुचवणारा मध्यस्थही नितीनच्याच शिफ्टमधला. थोरांनी जमवलेलं लग्न वाटावं म्हणून केवढा तो खटाटोप, आणि जावयाच्या सिनेमाने त्याचं पितळ उघडं पाडलं. सुजाताने माझ्याकडून वचन का घेतलं, ते आता मला कळलं. मला मनापासून वाईट वाटलं. खांदाही दुखत होता.

अण्णांना राग नेमका कशाचा यावा, तेच ठरेना. "तुमचं ठरलंच होतं, तर आम्ही पोहे कशाला केले?"

शेवटी नितीनची आई उठली. सुजाताजवळ गेली आणि तिच्या हातातला ट्रे स्वतः घेतला.

"काय गो, खरंच चालंल तुला? बोकड लय वांड हाय."

"चालंल," सुजाता म्हणाली. आणि इतका वेळ ताठ उभी असलेली ती पोर एकदम रडायला लागली.

"मंग झालं तर," नितीनची आई नवऱ्याला म्हणाली. "आता बसा खाली. लपवायला कायपण ऱ्हायलं नाय. पोहे खावा."

दत्तारामकाका बसले. पोहे खाल्ले. दुसऱ्यांदा घेतले. मग राहिलेला सिनेमाही त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि त्यातल्या बोकडाची जात आपल्या राजापेक्षा हलकी असल्याचं सांगितलं.

पाहुणे गेल्यावर डिस्क बाहेर आली. बायकोने तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्यापुढे धरली. तो सिनेमा नव्हताच! पेटीसोबत मोफत दिलेली जादा डिस्क होती ती. सिनेमांतून काढून टाकलेले तुकडे! खुद्द दिग्दर्शकाने निरुपयोगी म्हणून कात्रीने कापलेल्या प्रसंगांवर मी पानंच्या पानं टिपणं काढली होती.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं. अट एकच, त्याआधी घराला दारं लागली पाहिजेत. "सिनेमा तुम्ही लावलात, दारंपण तुम्हीच बघा," असा अण्णांचा निकाल. सुतार पेणला आमच्याच आळीत सापडला. दत्तारामकाकांनी आणून ठेवलेल्या सागाची त्याने दारं केली, आणि ती मी टेम्पोत घालून कोलाडला नेली. टेम्पो गावाबाहेरच्या ओढ्यावरच्या अरुंद मोरीपाशी अडला. पुढे बांधावरूनच जावं लागणार होतं. न्यायला आलेला नितीन एक दार घेऊन पुढे, दुसरं घेऊन मी मागे. मेहुणीच्या सासरी जायचं म्हणून मी कोट घातला होता. काळा!

भात कापून झालं होतं. मोकळ्या शेतातून मी डोक्यावर दार घेऊन चाललो होतो, आणि कुठूनसा आलेला राजा माझ्या मागून येत माझ्या कोटाची कड चाटत होता. शेतात झोडणी करणारा एक म्हातारा थांबून बघत राहिला.

"पाव्हणं, दार घेऊन कुठं?"

"मेहुणीच्या घरी!"

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

चालून चालून मान मोडायला आली. बांध काही संपेना. दिग्दर्शकाने हा प्रसंग का कापून टाकला असावा, यावर मी बरीच विद्वत्ता खर्च केली होती. खरं कारण मला त्या बांधावर समजलं. दार सागवानी असेल, तर हा प्रसंग फारच लांबतो!