चालेल, जा निवांत

मंडळी, आज संध्याकाळी माझ्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, "पुढचा महिनाभर मी सुट्टीवर आहे."

मी हसून म्हणालो, "चालेल मॅडम. तुम्ही जा निवांत."

"हे आधी कुणाला म्हणायचात?" त्यांनी विचारलं.

सात वर्षांचा होतो. आई मला अमरावतीला मामाकडे ठेवून परत निघायची, तेव्हा एसटी स्टँडवर तिला हेच म्हणायचो.

विश्रांतवाडीला घरी आलो. शनिवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, तुझ्या गॅदरिंगला जमणार नाही, असं मुलीला सांगितलं.

ती हसली. "चालेल बाबा. तू जा निवांत."

माझी लेक किती समजूतदार आहे, हे मागच्या महिन्यात मी इथेच मिरवलं होतं. तुम्ही भरभरून लाइकही दिलेत.

तुमच्या घरी कोण आहे एवढं समजूतदार?