पुसट टोक

"सुरुवात कुठची?"

समोर काहीही ठेवा, मान डावीकडे कलती करून तो हेच विचारायचा. विभागात भांडण होवो, कुणाचं लग्न ठरो. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण त्याचा हेवा करण्यात तुमचे केस पिकले नसतील. माझे पिकले.

आम्ही दोघं रत्नागिरीतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. तो दाभोळचा, वडील बोटीवर. मला तो "मास्तर" म्हणायचा, जणू स्वतः दुसराच कुणी होता. पुढे झालाही.

एका दूरच्या संस्थेला क्ष-किरणांच्या सेन्सरवर काम करायला एक माणूस हवा होता. आम्ही दोघंही मुलाखतीला गेलो. ती जागा मला किती हवी होती, हे मी बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही.

तिथे एक चित्र पुढे केलं. क्ष-किरण डबीतल्या वायूत शिरतो, एक इलेक्ट्रॉन उडवतो, आणि त्याची वाकडी वाट सेन्सरच्या बारीक चौकोनांवर, म्हणजे पिक्सेलांवर, उमटते. इलेक्ट्रॉन निघाले कुठल्या दिशेने, हे अशा हजारो वाटांवरून कळलं, की किरणाची लहर कुठल्या दिशेत थरथरत होती ते सांगता येतं. मला विचारलं, हा निघाला कुठून? मी सगळ्यात ठळक ठिपक्यावर बोट ठेवलं.

परतताना एसटीत कळलं, त्याने दुसरं, पुसट टोक दाखवलं होतं. इलेक्ट्रॉन थांबायला येतो तेव्हा जास्त खुणा सोडतो. ठळक असतो तो शेवट.

जागा त्याला मिळाली.

दर गणपतीला तो यायचा आणि मला भाट्याच्या किनाऱ्यावर ओढून न्यायचा. एकदा ओहोटीच्या वाळूत सरपटत गेलेल्या एका छोट्या जिवंत शंखाची रेघ दिसली. टोकाला वाळूचा उंचवटा, आत शंख. मी कडवटपणे म्हटलं, "हे बघ तुझं चित्र. माझ्यासारखे गाढव त्या उंचवट्यावरच बोट ठेवतात."

तो उकिडवा बसला. "मास्तर, हे मी वापरणार हां."

त्याने ते स्वतःच्या नावावर खपवावं, अशी मी मनापासून वाट पाहिली. त्याच्याविरुद्ध निदान एक तक्रार तरी हाती आली असती. पण आमच्याच कॉलेजातल्या व्याख्यानात त्याने मला उभं केलं आणि सांगितलं, हे मला मास्तरने दाखवलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. रात्री जेवण गेलं नाही. चोरी केली असती, तर मी त्याला माफ केलं असतं.

निघताना त्याने नखाएवढा एक सेन्सर हातावर ठेवला. "बाद झालेला आहे, पण मुलांना दाखव." मला फक्त 'बाद' ऐकू आलं. मुलांना मी तो कधी दाखवला नाही.

गेल्या वर्षी तो तिकडेच गेला, हृदयविकाराने. फोन ठेवल्यावर मनात पहिलं आलं ते हे, की आता ती जागा रिकामी झाली. निवृत्तीला आलेल्या माणसाच्या मनात.

परवा भाट्याला एकटाच गेलो होतो. ओल्या वाळूत तशीच रेघ होती, टोकाला उंचवटा. या वेळी उंचवट्याकडे पाठ केली आणि रेघेवरून मागे मागे गेलो. रेघ पुसट होत गेली, आणि जिथे तिची सुरुवात असायला हवी, तिथे माझ्याच चपलेचा ठसा होता.

येताना मीच तिच्यावर पाय दिला होता. मान डावीकडे कलती करून मी बराच वेळ तो ठसा बघत राहिलो.